‘माग’ नावाची मालिका

जाहिरातीत नाव वाचलं
आणि आमच्या वडगावात गैरसमज झाला.
माग म्हणजे माग,
खटखटणारा, तेल पिणारा,
दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेणारा.
दत्तोबा हावळ म्हणाले, बरं झालं की,
कुणीतरी आपलं दाखवालंय.
सुट्टीच्या संध्याकाळी सगळी गल्ली बसली
आणि निघाला काय, तर मुडदा.

माग काढणाऱ्याचा ‘माग’.
निगुडकर नावाचा गुप्तहेर, काळी छत्री,
डाव्या खिशात पेपरमिंट.
गल्ली उठून गेली. मी राहिले, आणि शेजारची नीलव्वा.

सतरा भाग झाले, आता मी बोलू शकते.

निगुडकर घाई करत नाही.
मयताच्या बायकोला आधी पाणी विचारतो, मग प्रश्न.
प्रश्न विचारून गप्प बसतो,
आणि त्या गप्प बसण्यावर कुणी बासरी वाजवत नाही.
एवढं शहाणपण टीव्हीत कुठनं आलं?
सहाव्या भागात तर नुसता जिन्यावर बसून राहिला,
चार मिनिटं, मी घड्याळ बघितलं,
माझा चहा उतू गेला तरी उठवेना.

पण खुनी!
सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं
की हा आपण होऊन उभा राहतो
आणि पार बालपणापासून सुरू करतो.
वकील आणा म्हणत नाही,
पोट बिघडलंय म्हणत नाही.
हवालदार ठेवलाय तो चुकायला.
बायका दोनच, एक मेलेली
आणि एक पोहे आणणारी.

नववा भाग मी विसरणार नाही.
मयताच्या मुठीत धागा.
निगुडकरने उजेडात धरला आणि म्हणाला,
‘रेशीम. शहापूरचं, हातमागाचं.’
पंचवीस वर्षं कांड्या भरते मी.
पॉलिस्टर होता तो.
कॅमेरा जवळ गेला तशी चकाकी खोटं बोलली.
काडी लावून बघायची होती रे बाबा,
रेशीम केसासारखं जळतं,
याची नुसती गोळी झाली असती.
त्या धाग्यावर एक माणूस आत गेला.
दहाव्या भागात त्याचं नावही कुणी काढलं नाही.

नीलव्वाला मराठी येते ती बाजारापुरती.
आधी मी तिला कन्नडात सांगत बसायची,
कोण कुणाचा मेव्हणा, कुणी विष आणलं.
एकदा म्हणाली, गप गे. आवाज काढून टाक.
ती फक्त हात बघते.
कपबशी ठेवताना, किल्ली फिरवताना,
खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवताना.
‘अवनऽ,’ म्हणते. तोच.
आणि पदर सावरून शेंगा सोलायला लागते.
निगुडकरला पुढं अर्धा तास लागतो.

सतरातले चौदा तिने बरोबर धरले.
चुकली ती तीनदा,
तिन्ही वेळा खुनी विशीतला पोरगा होता.

तिचा बसू सुरतेला गेला, पॉवरलूमवर.
आठ महिने फोन होते.
तक्रार नेली ती कन्नडात,
तिथलं ठाणं म्हणालं, हिंदीत आणा.
मी हिंदीत लिहून दिली,
तर म्हणाले, मूळ कागद कुठाय?
फोटो मागितला. दिला. हरवला.
दुसरा मागितला.
पाणी कुणी विचारलं नाही.

परवा अठरावा, शेवटचा भाग.
सात वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा
निगुडकरला एका बंदरावर सापडतो,
तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावरून.
बोटीच्या सावलीत उभा, अंगात तोच शर्ट.
सात वर्षं तोच शर्ट,
कॉलर विरलेली नाही, बटणं सगळी जाग्यावर,
असलं कापड जगात कुठल्या मागावर निघतं?

मी तोंड उघडलं.
नीलव्वाने शेंगांची बुट्टी बाजूला सारली,
माझ्या हातातला रिमोट घेतला,
आणि पहिल्यांदाच
आवाज वाढवला.